पेजेने चिकटवलेली नावं

आमच्या कॉलेजच्या लेडीज रूममध्ये माणसाला माणसाच्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. मला तिथे ॲल्स्टोनिया स्कोलॅरिस म्हणतात. म्हणजे सातवीण. पूर्वी तिच्या लाकडाच्या पाट्या करत आणि मी मराठी शिकवते, म्हणून. आस्थापना विभागातली क्लार्क सुविधा ही ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव मिळालं तेव्हा ती सहा महिने जमिनीवर नव्हती. ग्लोरिओसा काय, सुपर्बा काय! नवऱ्यालाही सांगून झालं. मग बॉटनीच्या शेवटच्या वर्षाच्या गौरवीने तिला पुस्तकात चित्र दाखवलं, तर ती निघाली कळलावी. सुविधा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोन मॅडमांचं भांडण लावून दिलं, आणि नाव बदलायची मागणी तिथेच मागे पडली.

ही बारशी करणारी बाई म्हणजे चंद्रावती बाबली परब, बॉटनीच्या प्रयोगशाळेची अटेंडंट. शिक्षण सातवी. पेडण्यातल्या पार्सें गावातून सकाळी सहाच्या बसने निघायची, म्हापशाला बस बदलायची, डिचोलीला पुन्हा बदलायची आणि साखळीच्या अलीकडे आमच्या फाटकापाशी उतरायची. एकतीस वर्षांत तिचा उशिराचा शेरा नाही. मी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर राहते आणि माझे किती आहेत ते सुविधाला माहीत आहे.

चंद्रावतीबायची आई चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान विकायला बसायची. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला रानातली फळं-पानं बांधतात ती माटोळी. ते सामान गोळा करत आईमागून डोंगर हिंडताना पोरीला एक शिस्त लागली होती: झाडाचं नाव घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कॉलेजात आली तेव्हा तिला बाटल्या धुवायचं काम मिळालं. बाटल्या धुता धुता तिने सरांची लॅटिन नावं कानाने उचलली आणि आईच्या नावांशेजारी नेऊन बसवली. मग जगातली कुठलीही बाई दिसली की तिला तिचं झाड दिसायचं.

अकरा वाजता लेडीज रूममध्ये तिचा पेजेचा डबा उघडायचा. पेज, मिसकूट म्हणजे कैरीचं लोणचं, आणि असलाच तर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. त्या वासाने निम्म्या बायका येत आणि उरलेल्या निम्म्या नाक मुरडत येत.

“चंद्रावतीबाय, माझ्या जावेक काय नाव देशात?” सुविधा विचारायची.

“तुझी जाव कशी आसा ती सांग आधी.”

“दुसऱ्याच्या जिवार जगता. सासऱ्याचा घर, माझा जेवण, हिचो फक्त नट्टापट्टा.”

“मगे बांडगूळ. लोरँथस.” चंद्रावतीबाय पेज भुरकत म्हणायची. “पण त्याका फुलां बरी येतत हां. जावेक सांगतलंस तर फुलांचा तेवढा सांग.”

एकदा गौरवीने धीर करून विचारलं, “मावशी, आणि तुमी कोण?”

“मी गो? मी बाटली धुवपी. बाटलीक खंय नाव आसता?”

ती हसली, आम्हीही हसलो. मी तेव्हा जरा जास्तच हसले, हे आज लिहिताना आवडत नाही.

तिचा अभिमान एकच, सर्विस बुक. दरवर्षी एप्रिलात ती हात धुऊन, पदराला पुसून सुविधाच्या टेबलापाशी उभी राहायची. “दाखय गो माझा पुस्तक.” सुविधा पानं उलटायची. रजा, वेतनवाढ, रजा, वेतनवाढ. शेऱ्याचं पान कोरं. “कोरांच आसा मगे? बरां.” एवढं झालं की तिचं वर्ष सुरू व्हायचं. डिसेंबरात ती साठ वर्षांची होऊन निवृत्त होणार होती, आणि ते पान कोरं घेऊन घरी जायचं, एवढी एकच गोष्ट तिने नोकरीकडे मागितली होती.

ऑगस्टमध्ये ते पान धोक्यात आलं.

बॉटनीत मोठ्या लाकडी कपाटात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. जाड कागदावर शिवलेली फांदी आणि खालच्या कोपऱ्यात चिकटवलेली नावाची चिठ्ठी. नाव, गाव, तारीख सगळं त्या चिठ्ठीवर. असे दोनशे बेचाळीस कागद. दहा दिवसांवर बाहेरची समिती तपासणीला येणार होती, म्हणून विभागप्रमुख सेजल मॅडमनी कपाट उघडलं. सेजल मॅडम म्हापशाच्या, पण शिक्षण पुण्यात झालेलं, वय चौतीस, डॉक्टरेट. वर्षापूर्वीच आलेल्या. कामाला वाघ आणि बोलायला कोरड्या. त्यांनी पहिला कागद उचलला, कोपऱ्यात चिठ्ठी नव्हती. दुसरा उचलला, नव्हती. कपाटाच्या तळाशी कागदाचा भुसा पडला होता आणि त्यातून चंदेरी कसर पळत होती. तीस जुन्या कागदांवरच्या चिठ्ठ्या शाबूत होत्या. दोनशे बारा झाडं रातोरात बेवारस झाली होती.

“हे कसं झालं?” मॅडमनी विचारलं.

दुसरी कुणीही म्हणाली असती, पावसाने झालं. गोव्यात जुलै-ऑगस्टात काहीही पावसावर ढकलता येतं. चंद्रावतीबायने भुसा चिमटीत घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, “पेज. मीच लायलंय.”

गोष्ट अशी होती. अकरा वर्षांपूर्वी दोनशे बारा कागदांवरच्या चिठ्ठ्या सुटल्या आणि नेमका विभागातला डिंक संपला. मागणीपत्र गेलं, ते परत आलं, पुन्हा गेलं. तेव्हाचे सर म्हणाले, काहीतरी करा. तिने अकरा वाजता डबा उघडला, शितं खाल्ली आणि वरच्या घट्ट निवळीने चिठ्ठ्या चिकटवल्या. आमच्याकडे काय पेजेने चिकटत नाही? माझ्या लग्नासाठी पाठवलेल्या कागदावरचा फोटो आईने शिताने चिकटवला होता आणि माझं लग्न अजून टिकून आहे. पण घरच्या कागदाला कसर लागायला वेळ नसतो. कपाट मात्र वर्षानुवर्षं बंद असायचं. अकरा वर्षं ती बिचारी आपल्या डब्यातली पेज कसरीला वाढत होती.

सेजल मॅडमनी हे सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मेमोचा मसुदा कार्यालयात पाठवला. हलगर्जीपणामुळे शासकीय संग्रहाचे नुकसान, तीन दिवसांत लेखी खुलासा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद. टाईप करायला आला सुविधाकडेच.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने तो कागद लेडीज रूमच्या मेजावर ठेवला. डबा त्या दिवशी उघडला नाही.

“खुलासो मी बरयतंय,” सुविधा म्हणाली. “‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरवात केली की अर्धो गुन्हो कमी जाता.”

“त्यात माणुसकी हवी,” मी म्हणाले. मी मराठीची बाई, मला राहवतंय कुठे? मी अर्ध्या तासात दोन पानं लिहिली. त्यात एकतीस वर्षांची निष्ठा होती, घाम होता, तीन बसगाड्या होत्या. ती मी उभी राहून वाचून दाखवली.

चंद्रावतीबायने शांतपणे ऐकलं. “टीचर, ह्या कोण बाई गो?”

“तुम्हीच!”

“माका वाटलां मेली कोण तरी.”

सगळ्या हसल्या. मला राग आला, पण हसू जास्त आलं.

“ह्यात पेज खंय आसा?” तिने विचारलं. दोन्ही खुलाशांत पेज नव्हती. सुविधाने ‘उपलब्ध स्थानिक साहित्य’ लिहिलं होतं आणि मी ‘परिस्थितीची अपरिहार्यता’. तिने दोन्ही कागद घडी करून परत दिले. “पेज लायलंय ती मी लायलंय. तां कित्याक लिपवचा? नावां माझ्या हातान गेली, ती मीच परत दितलंय. झाडां खंय गेल्यात? झाडां आसतच मगे थंय.”

ती उठली आणि तडक सेजल मॅडमच्या खोलीत गेली. तिच्यामागे मी, माझ्यामागे सुविधा, दारात गौरवी. तिने सांगितलं की दोनशे बारा कागद समोर ठेवा, नावं मी सांगते.

मॅडम थकल्या होत्या. पुस्तकं उघडून त्या स्वतः ओळख पटवत होत्या, पण वाळून गेलेल्या एकेका फांदीला अर्धा-पाऊण तास जात होता. कालच्या दिवसात अकरा झाली होती. “चंद्रावतीबाय,” त्या म्हणाल्या, “हे अंदाजाने करायचं काम नाही. चुकीचं नाव लावण्यापेक्षा कोरा कागद बरा.”

“बराबर. चुकलंय तर तुमचो मेमो आसाच.”

मॅडमनी एक चलाखी केली. ज्या तीस कागदांवर चिठ्ठ्या होत्या, त्यांतले दहा काढले, चिठ्ठीवर पांढरा कागद टाचला आणि तेच आधी पुढ्यात ठेवले. चंद्रावतीबायने पहिला कागद पाहिला, हात लावला नाही.

“निगूड. वायटेक्स निगुंडो.” मग हात लावला. दुसरा. “दिनो. लीया इंडिका.” तिसरा. “अडूळसो.” चौथ्यापाशी थांबली. ती कोपऱ्याकडे वाकली आणि वास घेतला.

“मॅडम, ही माझी परीक्षा घेतात काय?”

“का?”

“हो डिंक. हे जुने कागद, मी इलंय त्याच्या आदले. ह्यांची नावां तुमका ठावक आसत. माका नाय ठावक त्ये दिया.”

मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच रंग चढताना पाहिला. तरी त्यांनी दहाही पूर्ण करून घेतले आणि दहाही बरोबर आले. सुविधा दारातून शिट्टी वाजवणार होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

त्यानंतरचे सहा दिवस कॉलेजात असूनही आम्ही कॉलेजात नव्हतो. तास संपला की मी प्रयोगशाळेत. सुविधा ‘फाईल शोधायला’ म्हणून यायची आणि कदेल ओढून बसायची. चंद्रावतीबाय जनेलापाशी उजेडात उभी राहून नाव सांगायची, गौरवी वहीत उतरवायची, सेजल मॅडम भिंगाखाली पान धरून पुस्तकाशी ताडून बघायच्या. झाडाबरोबर त्याचं चरित्र यायचं.

“ही खाजकुयली. म्युक्युना प्रुरिएन्स. आमच्या वाड्यार एका सासवेन सुनेक कामाक लावूंक हीच्यो शेंगो जमवक धाडली. सून शाणी. तिणां शेंगो सासवेच्या हातरुणार सुकत घातल्यो.”

“मगे?” तीन आवाज एकदम.

“मगे काय, सासू तीन दिवस न्हातच होती. बरय गो गौरवी, म्युक्युना.”

“सासूचं पण लिहू?”

“फक्त म्युक्युना,” सेजल मॅडम म्हणाल्या. आणि मिनिटभराने, भिंगातून डोळा न काढता, “त्या सुनेचं पुढे काय झालं?”

त्या दिवसापासून मॅडमही अकराला पेजेला यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, आपल्याला लेडीज रूममध्ये काय नाव आहे. आम्ही सगळ्या एकदम छताकडे बघायला लागलो.

“मिमोझा पुडिका,” चंद्रावतीबाय सरळ म्हणाली. “लाजाळू. हात लावलो की मिटतास. पण काटे आसत हां बारीक.” मॅडम इतक्या हसल्या की मिसकुटाचा ठसका लागला, आणि मी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

सहाव्या दिवशी शेवटचा कागद झाला. दोनशे बारा नावं जुन्या नोंदवहीतल्या यादीशी लावून पाहिली; त्या यादीत नावं होती, पण कुठलं नाव कुठल्या कागदाचं ते नव्हतं. दोनशे अकरा जुळली. एक जुळेना. नोंदवहीत पांढरा कुडा दोनदा होता. चंद्रावतीबायने एकदाच सांगितला होता, आणि दुसऱ्या कागदाला तिने काळा कुडा, राइटिया टिंक्टोरिया म्हटलं होतं.

“इथे चुकलात वाटतं,” मॅडम म्हणाल्या. त्या आवाजात मेमो नव्हता. पण एका चुकीवर सगळी वही संशयाची होते, हे परीक्षक म्हणून मला चांगलं माहीत आहे.

“वहीत चुकलां,” चंद्रावतीबाय म्हणाली. “पांढऱ्या कुड्याची साल आमी पोटाक दितो. हो तो न्हय. ह्याचा पान सुकला की निळसर काळां पडता, बघा. आणि ह्यो दोन शेंगो टोकार एकमेकींक धरून आसत. पांढऱ्याच्यो सुट्यो.”

मॅडमनी कागद भिंगाखाली घेतला. भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मॅडमच्या मानेकडे आळीपाळीने बघत आम्ही उभ्या होतो. मग त्यांनी लाल पेन काढलं. त्यांनी नोंदवही ओढली आणि अठ्ठावीस वर्षं तिथे असलेलं नाव खोडून वर लिहिलं, राइटिया टिंक्टोरिया.

“तुमी म्हणटात तेंच खरें,” त्या म्हणाल्या. वर्षभरात त्या आमच्याशी पहिल्यांदा कोकणीत बोलल्या. “म्हाका माफ करात, चंद्रावतीबाय. म्हजें चुकलें.” मग सुविधाकडे वळून म्हणाल्या, “तो मेमो परत घ्यायचा आहे. जावक क्रमांक काय पडला त्याला?”

सुविधाने अगदी निरागस चेहरा केला. “क्रमांक खंय पडलो, मॅडम? जावक रजिस्टराक पावसाची ओल लागली. आठ दिवस सुकत घातलां.”

“जावक क्रमांक नाही म्हणजे...”

“म्हणजे मेमो गेलोच नाय. जो गेलो नाय तो परत कसो घेतलात?”

ग्लोरिओसा सुपर्बा! मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला मिठी मारली. तिचा चष्मा वाकडा झाला म्हणून ती मला ओरडली.

दुसऱ्या दिवशी नव्या चिठ्ठ्या छापून आल्या. नाव, स्थानिक नाव, गाव. जुन्या चिठ्ठ्यांवर सर्वांत खाली एक ओळ असायची, ‘ओळख पटवणारे’, आणि तिथे कुणातरी डॉक्टरचं नाव. नव्या चिठ्ठ्यांवर त्या ओळीत छापलं होतं: चंद्रावती बाबली परब. शेजारी सहीला जागा. डिंक सेजल मॅडमनी आपल्या पैशांनी साखळीच्या बाजारातून आणला होता.

चंद्रावतीबायने पहिली चिठ्ठी हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. मग पेन मागितलं. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर खाली बसवून. दोनशे बारा सह्या. पाच दहाची बस निघून गेली, सव्वासहाचीही जायच्या वेळेला आली. आम्ही सांगितलं, उरलेल्या उद्या करा. ती मान वर न करता म्हणाली, “एकतीस वर्सां मस्टरार सही केलंय ती मी इलंय म्हणून. ही सही माका कळता म्हणून. आज मधी सोडूचंय नाय.”

सुविधा फाटकापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने सव्वासहाची बस चक्क बारा मिनिटं थांबवून ठेवली. कंडक्टरशी ती काय बोलली ते तिने अजून सांगितलेलं नाही.

समिती आली, तपासून गेली. त्यांतल्या एका बाईंनी कुड्याचा कागद हातात घेऊन विचारलं, “ह्या परब कोण? कुठल्या विद्यापीठाच्या?” सेजल मॅडमनी चंद्रावतीबायला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, “ह्या. आमच्याच.” बाईंनी दोन कुड्यांतला फरक विचारला, तिने सांगितला. खाजकुयलीचा कागद आला तेव्हा मात्र आम्ही तिला डोळ्यांनी गप्प केलं, नाहीतर सासूची गोष्ट सुरू झाली असती.

डिसेंबरच्या एकतीस तारखेला शाल, नारळ, भाषण वगैरे झालं. भाषण मी केलं, अर्ध्या पानाचं, आणि त्यात पेज होती. सगळं आवरल्यावर ती नेहमीसारखी हात धुऊन, पदराला पुसून सुविधाच्या टेबलापाशी आली. “दाखय गो माझा पुस्तक. शेवटचां.”

सुविधाने पानं उलटली. रजा, वेतनवाढ, रजा, वेतनवाढ. मग शेऱ्याचं पान आलं. ते कोरं नव्हतं. मधोमध काहीतरी चिकटवलेलं होतं.

चंद्रावतीबायचा चेहरा उतरला. “ह्या काय गो? कोरां होतां मगे?”

सुविधाने पुस्तक तिच्याकडे सरकवलं. चंद्रावतीबायने चष्मा लावला आणि वाकून वाचलं. संग्रहाची एक जादा छापलेली चिठ्ठी होती. झाडाचं नाव नाही, गाव नाही. फक्त शेवटची ओळ भरलेली: ओळख पटवणारे, चंद्रावती बाबली परब. खाली सेजल मॅडमची सही आणि कार्यालयाचा शिक्का.

तिने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेलं आणि त्या चिठ्ठीचा वास घेतला.

“डिंक,” ती म्हणाली. मग पुस्तक खाली ठेवून रडली.